ह्यूच्या आजोबांच्या दोन बायका

ह्यू मॅक्क्रिंडलला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या मागच्या खिशात पान्हा होता आणि माझ्या लेकीच्या घरातलं सिंक तुंबलेलं होतं. यातून कुठलीही शहाणी बाई जो अर्थ काढेल तोच मी काढला. ‘केवढा उशीर!’ असं त्याला माझ्या इंग्रजीत सुनावलं, बूट दाराशी काढायला लावले आणि ओट्याकडे बोट दाखवलं.

२००५ सालचा जून होता. ओहायोतल्या डब्लिनला मधुराकडे, म्हणजे लेकीकडे, येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. नात सहा महिन्यांची. मधुरा आणि जावई अभिजित दोघंही ऑफिसात. तिकडे सिंकच्या पोटात खरकटं दळायचं यंत्र असतं. त्यात मी नारळाच्या शेंड्या घातल्या. अमेरिकेचं यंत्र आहे, दळेल म्हटलं. त्याने एकदा घुर्र केलं आणि मान टाकली. अभिजित नागपूरचा, अतिशय नम्र मुलगा. त्याने फोनवर सांगितलं, “आई, प्लंबर येईल अकरा ते तीनच्या मध्ये. तुम्ही फक्त दार उघडून द्याल. बाकी काही कराल नका.”

मी अठ्ठावन्न वर्षांची होते. साताऱ्याला रजिस्ट्रार कचेरीत एकतीस वर्षं दस्त नोंदवून नुकतीच निवृत्त झालेली. जगात मला कळत नाही असं काही उरलेलं नाही, अशी माझी तेव्हा समजूत होती. त्या बाईची आज गाठ पडली तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जाईन.

तर हा म्हातारा आला. उंच, शेवग्याच्या शेंगेसारखा वाळका, डोक्याला चौकड्याची टोपी. अठ्ठ्याहत्तरचा तरी असेल. या वयात बिचारा घरोघर नळ दुरुस्त करत हिंडतो, मुलं बघत नसतील, असं मनात येऊन मी जरा मवाळ झाले. तो काही न बोलता सिंकखाली आडवा झाला. अर्ध्या तासाने तपकिरी केसांचा एक पुंजका बाहेर काढून उजेडात धरला.

“मॅडम, हा कोण होता?”

“कोकोनट,” मी म्हटलं.

मी दिलेला आल्याचा चहा तो दोन कप प्याला. मग हात पुसून शर्टाच्या खिशातून एक लखोटा काढला आणि अदबीने म्हणाला, “आता मी ज्यासाठी आलो होतो ते काम.”

ती नोटीस होती. मी डेकच्या खांबापासून झाडापर्यंत नायलॉनची दोरी बांधून तिच्यावर नातीची लंगोटं आणि माझी पाचवारी वाळत घातली होती. ते तिथल्या नियमात बसत नव्हतं. हा गृहस्थ त्या वसाहतीच्या असोसिएशनचा अध्यक्ष, आपल्या भाषेत सोसायटीचा चेअरमन. मी चेअरमनला आडवं घालून नारळाच्या शेंड्या उपसायला लावल्या होत्या. खरा प्लंबर पावणेतीनला आला, तेव्हा मी त्याला प्लंबर मानायलाच तयार होईना.

“पण तुम्ही बोलला का नाहीत?” मी ह्यूला नंतर विचारलं.

“दहा वर्षांत मला कुणी सिंक दाखवलं नव्हतं,” तो म्हणाला. (आमचं सगळं बोलणं इंग्रजीत. मी ते माझ्या सोयीने मराठीत सांगतेय, म्हणून त्यात मी जास्त हुशार वाटेन.)

ह्यू खरोखरच प्लंबर होता, निवृत्त. बाप प्लंबर, आजोबा प्लंबर. वसाहतीतले बाकीचे लोक कॉम्प्युटरवाले, बँकवाले. त्यांच्यात हा एकटा स्वतःची ओळख करून देताना नावाआधी धंदा सांगे. बायको वारलेली, मुलगा ॲरिझोनात. रोज सकाळी दहाला तो फेरीला निघे. खिशात पान्हा आणि मेजपट्टी. मेजपट्टी गवत मोजायला. कुणाचं गवत वाढलं की तो गुडघ्यावर बसून पट्टी लावी, आकडा टिपून घेई आणि दार वाजवून सांगे, “तुमचं गवत फार सुंदर आहे. त्यातलं दोन इंच जास्त आहे.” गावाचं नाव डब्लिन, म्हणून गावाने आयरिश असल्याचं मनावर घेतलेलं, दुकानांवर हिरवी पानं, सणाला हिरव्या टोप्या. ह्यू स्कॉटिश. तो त्या दिवशी मुद्दाम तांबडा स्वेटर घालून बाहेर पडे.

संकट कुठलंही असो, त्याचं उत्तर एकच. “आधी मेन कॉक बंद करा.” नात रडून घर डोक्यावर घेतेय? आधी मेन कॉक बंद करा. टीव्हीवर लढाई चाललीय? या लोकांनी आधी मेन कॉक बंद करायला हवा होता. सुरुवातीला मी वेड्यासारखी ओट्याखाली बघत असे. मग कळलं, त्याचा अर्थ एवढाच की आधी गप्प बसा, मग काय फुटलंय ते बघा. हा सल्ला तो स्वतः कधीच पाळत नसे.

आणि तो मला ‘मिसेस आजी’ म्हणे. मधुरा नातीशी बोलताना मला आजी म्हणते, अभिजितही म्हणतो, तेव्हा माझं नाव आजी आहे अशी त्याने नोंद केली. वसाहतीच्या यादीतसुद्धा तसंच लिहिलं. मी काही दुरुस्ती सुचवली नाही.

आमची गट्टी जमली ती कुलवृत्तांतावरून. मी येताना बॅगेत माहेरचा आणि सासरचा असे दोन्ही कुलवृत्तांत आणले होते, चार किलो. त्यासाठी मेतकूट आणि भाजणी काढून ठेवली. नातीला आपलं मूळ कळायला हवं म्हणून! नातीने तांबड्या बांधणीची कड चाखून पाहिली आणि तिथेच तिचा रस संपला. ह्यूने मात्र ते ठोकळे पाहिले आणि टोपी काढली. म्हणाला, “मिसेस आजी, माझ्या तळघरात चला.”

तळघरात निळ्या खोक्यांच्या रांगा होत्या. चाळीस वर्षं हा माणूस आपल्या घराण्याचा इतिहास लिहीत होता. पुस्तकाचं नाव ठरलेलं, ‘प्लंबर आणि प्रोव्होस्ट’. प्रोव्होस्ट म्हणजे स्कॉटलंडमधला नगराध्यक्ष. ह्यूचे आजोबा थॉमस मॅक्क्रिंडल हे एका चिमुकल्या गावातले प्लंबर, आणि त्याच गावाचे सहा वर्षं प्रोव्होस्ट. गावाचं नाव घसा खाकरल्यासारखं सुरू होई आणि मला शेवटपर्यंत जमलं नाही. तेव्हा गाव म्हणजे गाव. पुस्तकात इतर नातेवाइकांना पान-अर्धं पान, आणि आजोबांना एकशे दहा पानं.

त्यात सगळ्यात लाडकी गोष्ट पाण्याची. थॉमसने डोंगरातून नळाने गावात पाणी आणलं. उद्घाटनाला बँड, पाद्री, शाळेची मुलं. प्रोव्होस्टच्या गळ्यात मानाची सोन्याची साखळी. भाषण झालं, तोटी फिरवली, पाणी नाही. लोक हसायला लागले. थॉमसने पाइपाला कान लावला, म्हणाला, ‘तिसऱ्या सांध्यात बोळा आहे.’ मग गळ्यातली साखळी काढून नळाच्या दांड्याला अडकवली आणि भाषणाच्या कोटासकट चरात उतरला. पाणी आलं तेव्हा प्रोव्होस्टसाहेब त्यात कमरेपर्यंत उभे होते. ही गोष्ट ह्यूने मला अकरा वेळा सांगितली. कान लावायचा प्रसंग आला की तो दर वेळी खरोखर भिंतीला कान लावी.

मी चार कागद चाळून म्हटलं, “पुरावे बरे आहेत. पण आजी कुठे आहे?”

आजीचं नाव जेसी, एवढंच त्याला ठाऊक होतं. वडील तिच्याबद्दल बोलत ते त्याच्या थोरल्या बहिणीशी. बहिणीचं नावच मुळी आजीवरून जेसी ठेवलेलं. “माझ्या बहिणीला सगळं माहीत आहे,” ह्यू म्हणाला, “पण तिला विचारलं की ती आधी माझे केस विंचरलेत का ते बघते.”

सहा महिन्यांनी मी परत गेले. पुन्हा आले ती २००७ च्या एप्रिलमध्ये. नात आता दुडुदुडु धावून मला ‘नो, आजी’ म्हणत होती. ह्यूचं पुस्तक छापायला जायचं होतं. ऑगस्टमध्ये त्याने देशभरातल्या साठ मॅक्क्रिंडलना डब्लिनबाहेरच्या बागेत जमवायचं ठरवलं होतं, तिथे पुस्तक वाटायचं. बहीण जेसी सत्त्याऐंशीची, क्लीव्हलंडजवळ वृद्धाश्रमात होती. तिच्या हातात पहिली प्रत द्यायची. बाकी कुणी ते वाचणार नाही हे त्यालाही माहीत होतं. मुलगा फोनवर म्हणालाच होता, “डॅड, हू इज गोइंग टू रीड इट?” ती एकटी वाचणार होती.

आणि मे महिन्यात स्कॉटलंडहून फोटो आला. तिथल्या वाचनालयातल्या एका बाईंनी आजोबांच्या थडग्यावरचा दगड घासून, त्याचा फोटो काढून पाठवला होता. त्यावर कोरलेलं: थॉमस मॅक्क्रिंडल, प्लंबर, या नगराचे माजी प्रोव्होस्ट, आणि त्यांची पत्नी जॅनेट रेनी.

जॅनेट रेनी! जेसीचा पत्ता नाही, मॅक्क्रिंडल आडनावही नाही.

ह्यू फोटो घेऊन आमच्याकडे आला तेव्हा त्याची टोपी उलटी होती. “मिसेस आजी, तुम्ही कागदातल्या जाणकार आहात. ही बाई कोण?”

इथे मी ‘आधी मेन कॉक बंद करा’ म्हणायला हवं होतं. पण मला भलताच आनंद झाला होता. महिनाभर वरणभात कालवून कंटाळलेली बाई मी. दारात चक्क लफडं चालून आलेलं. चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला आणि निकाल दिला. “सरळ आहे. लग्नाची बायको ही जॅनेट. तुमची जेसी ही दुसरी. मोठ्या माणसांची दोन घरं असायचीच. आमच्या घराण्यात चुलत पणजोबांची होती. एक घाटावर, एक कोकणात.”

“प्रोव्होस्टचं?” ह्यू खुर्चीत बसला.

“प्रोव्होस्टचंच. प्लंबरला एक परवडतं.”

“म्हणजे माझे वडील...”

“कागद म्हणजे काय हे मला शिकवू नका,” मी म्हटलं. हे माझं कचेरीतलं आवडतं वाक्य. “वडिलांच्या जन्माचा दाखला आहे?”

तो त्याने कधी मागवलाच नव्हता. म्हणे, “माझ्या बापाचा जन्म झाला होता याबद्दल मला शंका नव्हती.”

मी बोलले गमतीत. तो पडला प्रामाणिक. घरी जाऊन त्याने रडतखडत नववं प्रकरण लिहिलं: आपण, आपले वडील आणि यच्चयावत मॅक्क्रिंडल प्रोव्होस्टच्या लग्नाबाहेरचे. सत्य लपवायचं नाही, असं म्हणून ते बहिणीला फोनवर वाचूनही दाखवलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग जेसी म्हणाली, “ज्या बाईचं नाव मी सत्त्याऐंशी वर्षं चालवलं तिला तू रखेली म्हणतोयस. ह्यूई, ते प्रकरण ठेवणार असशील तर त्या पुस्तकातून माझं नाव काढ. मी ऑगस्टला येणार नाही.” आणि फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन तिने घेतला नाही. तीन आठवडे.

ह्यूने फेरी सोडली. आमच्या दोन्ही बाजूंचं गवत पोटरीपर्यंत आलं, आणि कुणाच्या दाराची घंटा वाजली नाही. वसाहतीतले लोक आधी खूश झाले, मग अस्वस्थ. अभिजित म्हणाला, “आई, ह्यूकाकांना काही झालं का? काल मी कचऱ्याचा डबा उलटा ठेवला, तरी ते काही नाही बोलले!”

मला रात्रीची झोप लागेना म्हणणार होते, पण खोटं कशाला? झोप लागत होती. दिवसा मात्र त्याच्या घराकडे बघवेना. शेवटी शिऱ्याची वाटी घेऊन गेले. तो तळघरात खोक्यांमध्ये बसलेला. करमणूक म्हणून मी माझे दोन ठोकळे बरोबर नेले होते.

“दाखवा,” तो म्हणाला, “तुमच्याकडे ती दुसऱ्या घरची माणसं कशी लिहितात.”

मी माहेरचा ग्रंथ उघडला. चुलत पणजोबांचं पान सापडेना, माझ्या वडिलांचं उघडलं. मी त्याला वाचून दाखवू लागले. वडिलांचं नाव, शिक्षण, नोकरी. थोरला मुलगा, त्याची मुलं, नातवंडं, सात ओळी. धाकटा मुलगा, पाच ओळी. कन्या इंदुमती.

“पुढे?”

“पुढे काही नाही. पान संपलं.”

ह्यूने पेन्सिल काढली. चाळीस वर्षांची सवय. “इंदुमती. जन्म आहे, पुढे नोंद नाही. लहानपणीच गेली?”

“छे! धडधाकट आहे.”

“मग कुठे आहे ती?”

“ही काय, शिरा घेऊन आलीय,” मी म्हटलं.

त्याने पेन्सिल खाली ठेवली. मी सासरचा ग्रंथ ओढला आणि नवऱ्याचं पान काढलं. “हे बघा, पत्नी शालिनी. तीही मीच. लग्नात नवऱ्याने ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवीन नाव लिहिलं. शालीन निघेल म्हणून शालिनी ठेवलं, अंदाज चुकला. नाव बदललं, आडनाव बदललं, मधलं बापाचं नाव जाऊन तिथे नवऱ्याचं आलं. माहेरच्या पुस्तकात इंदू मेल्यासारखी आणि सासरच्या पुस्तकात शालिनी आभाळातून पडल्यासारखी.”

“आणि आजी?”

“आजी म्हणजे ग्रँडमदर.”

“दोन वर्षं मी तुम्हाला मिसेस ग्रँडमदर म्हणतोय?”

“हो.”

“सांगितलं का नाहीत?”

“मजा येत होती.”

ह्यू हळूहळू उभा राहिला. शेवग्याची शेंग सरळ झाली. “पण मग तुम्ही आहात तरी किती जणी?” असं तो म्हणाला आणि त्याच क्षणी आमच्या दोघांच्या नजरा त्या फोटोवर गेल्या. जॅनेट रेनी. जेसी मॅक्क्रिंडल.

एकतीस वर्षं, वाचकहो! एकतीस वर्षं माझ्या टेबलासमोर बायका प्रतिज्ञापत्रं घेऊन उभ्या राहिल्या: लग्नापूर्वीचं नाव अमुक, लग्नानंतरचं नाव तमुक, दोन्ही नावांची व्यक्ती मीच. हजारोंवर मी शिक्के मारले असतील. आणि एक दगड वाचता आला नाही.

वाचनालयातल्या बाईंचं उत्तर चार दिवसांत आलं, आणि त्यात त्यांना आमची जरा कीवच आलेली दिसली. त्यांनी लिहिलं होतं: आमच्याकडे स्कॉटलंडमध्ये बाई लग्नानंतरही बापाच्या आडनावाने नोंदली जाते, दगडावरही तेच कोरतात; आणि जॅनेटला घरात जेसी म्हणतात हे कुणालाही विचारा. सोबत ह्यूच्या वडिलांचा जन्मदाखला. आई: जॅनेट रेनी.

“आता बहिणीला फोन करा,” मी म्हटलं.

“ती घेत नाही.”

“मग जा.”

“ती केस बघेल.”

“विंचरा.”

तो मला बरोबर घेऊन गेला. दोन तास हमरस्ता, आणि तो तोंडातल्या तोंडात ‘आय ॲम सॉरी’ची तालीम करत होता. प्रत्येक वेळी ‘आय ॲम’पाशी बोळा. एवढी वर्षं लोकांना नोटिसा देणाऱ्या माणसाला हे वाक्य कधी लागलंच नव्हतं.

जेसी खिडकीशी बसली होती. मूठभर बाई, चेहऱ्यापेक्षा मोठा चष्मा. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “ही कोण?”

“या मिसेस आ... इंदू... शालिनी,” ह्यू गडबडला. “ती कल्पना यांची होती.”

बघा! सख्ख्या बहिणीसमोर उभं राहताच या चेअरमनने मला पुढे केलं.

“तू कधीपासून दुसऱ्याचं ऐकायला लागलास?” जेसी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “आणि तुम्ही हो, तुम्हाला काय ठाऊक माझी आजी?”

“काही नाही,” मी म्हटलं. “मी उगाच शहाणपणा केला.” बोलले आणि मलाच ऐकायला विचित्र वाटलं. हे वाक्य मीही पहिल्यांदाच वापरत होते.

ह्यूने दाखला तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो भिंगाने वाचला, सावकाश, प्रत्येक अक्षर. “आई: जॅनेट रेनी,” ती म्हणाली. “अर्थात. डॅडी सांगायचे, आईला फक्त चर्चमध्ये जॅनेट म्हणत. तू मला विचारलंस?”

“नाही.”

“चाळीस वर्षांत एकदा तरी विचारलंस?”

“नाही, जेसी.” आणि मग बोळा निघाला. “आय ॲम सॉरी, जेसी.”

तिने चष्मा काढून पुसला. मला वाटलं, झालं, आता ही घंटा वाजवून आम्हाला बाहेर काढते. पण ती म्हणाली, “त्या भाषणाच्या दिवशी चरात शिरून बोळा आजीने काढला होता. तिचे हात बारीक होते, सांध्यात जायचे. आजोबा शेजारी उभं राहून भिजले. लिही.”

ह्यूचा चेहरा मी तेव्हा पाहिला. एकशे दहा पानांतलं सगळ्यात लाडकं पान त्याच्या हातून जात होतं. त्याने खिशातून पेन्सिल काढली. “हात बारीक,” त्याने लिहून घेतलं. “पुढे?”

पुढचे चार तास ती बोलली आणि तो लिहीत होता. नववं प्रकरण नवं झालं, चाळीस पानांचं, जॅनेट रेनी नावाचं.

ऑगस्टमध्ये ती आली. चाकाच्या खुर्चीत, जांभळी हॅट घालून. ह्यू स्कॉटिश पुरुषांच्या चौकड्याच्या घागऱ्यात, किल्टमध्ये. साठ मॅक्क्रिंडल आणि एक मी. त्याने पाण्याची गोष्ट वाचली, नवी. पाइपाला कान लावायच्या जागी तो थांबला, कारण कान आता आजोबांचा ठेवायचा की आजीचा हे ठरलेलं नव्हतं. जेसी खुर्चीतून ओरडली, “आजोबांचाच होता! तेवढं राहू दे त्याला.”

मग फोटो. फोटोवाल्याने ह्यूला मधोमध उभं केलं, जेसीच्या खुर्चीपुढे. मागून आवाज आला, “खाली बस, ह्यूई. तुझ्यामागे मी दिसत नाहीये.”

ऐंशीच्या घरातला माणूस गवतावर बसला. किल्ट घालून गवतावर बसणं ही काही साधी गोष्ट नाही. मी बायकांच्या अनुभवाने सांगते. तो फोटो माझ्या साताऱ्याच्या घरात आहे. साठ माणसं हसताहेत. पुढे ह्यू, पहिल्यांदाच लुगडं नेसलेल्या मुलीसारखे गुडघे घट्ट मिटून, किल्टचं टोक दोन्ही हातांनी धरून. आणि मागून जेसीचा हात त्याच्या विंचरलेल्या डोक्यावर. माया म्हणून ठेवलाय, की त्याने उठू नये म्हणून दाबून धरलंय, ते मात्र फोटोवरून कळत नाही.